चारच्या पटीतला पत्ता

डीबग बिल्डमध्ये वीजमीटर बिनतक्रार चालायचा. ओ-टू ऑप्टिमायझेशन लावलं, की सिरीयल पोर्टवरून फ्रेम येताच हार्ड फॉल्ट. टीममध्ये निदान ठरून गेलं होतं: कंपायलरचा बग. मला ते पटेना. कंपायलर चुकतात, पण इतक्या साध्या कोडवर क्वचितच.

कॉर्टेक्स-एम३ वर काय बिनसलं ते फॉल्टचं रजिस्टर सांगतं. त्यात अनअलाइन्ड अ‍ॅक्सेसचा बिट लागलेला होता. मग डिसअसेंब्ली उघडली. फ्रेममध्ये पहिला बाइट कमांडचा, त्यामागे चार-चार बाइटचे दोन आकडे, वेळ आणि युनिट. जुन्या कोडने बफरच्या दुसऱ्या बाइटवर सरळ स्ट्रक्चरचा पॉइंटर बसवला होता. ऑप्टिमायझेशन नसताना हे आकडे दोन वेगळ्या एलडीआरने वाचले जात, आणि एम३ वर एलडीआरला वाकडा पत्ताही चालतो. ओ-टूने दोन्ही शेजारी पाहून एकच एलडीआरडी काढली. तिला पत्ता चारच्या पटीतच लागतो. यात कंपायलरचा आगाऊपणा काहीच नव्हता. पॉइंटरचा टाइपच तशी हमी देत होता, आणि ती मोडली की काय घडावं याला सीच्या मानकात नियमच नाही.

पॉइंटर काढून मेमकॉपी घातली. ती महाग पडेल ही शंकाही डिसअसेंब्लीने फेडली: फंक्शन कॉल नव्हताच, साधी एलडीआर होती.

खरा वाद रंगला तो रॅमवरून. चिपला २० केबी, साठवायच्या हजार नोंदी. नोंदीत एक बाइट, मग चार, मग पुन्हा एक. कामाचे ६, पॅडिंग धरून १२. म्हणजे १२,००० बाइट. आमचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सगळीकडे पॅक्ड लावून टाक."

"सर, हाच कोड उद्या एम० वर जाणार आहे," मी म्हटलं. तिथे वाकडा पत्ता अजिबात चालत नाही. पॅक्ड फील्ड वाचायला कंपायलर चार बाइट सुटे उचलतो, शिफ्ट करून जोडतो. रॅममध्ये वाचवलेलं फ्लॅशमध्ये आणि वेळात फेडावं लागतं. शिवाय अशा फील्डचा पत्ता कुणी साध्या पॉइंटरमध्ये घेतला, की पुन्हा तोच फॉल्ट.

रस्टचा कंपायलर फील्डचा क्रम स्वतः बदलू शकतो. सीच्या कंपायलरला ती मुभा नाही, तिथे ते आपणच करायचं. चार बाइटचं फील्ड वर घेतलं, एकेक बाइटची दोन्ही खाली. नोंद ८ बाइटची झाली. पॅक्डपेक्षा २ जास्त, पण प्रत्येक पत्ता सरळ. सरांना ते पटलं. स्ट्रक्चरखाली स्टॅटिक असर्ट त्यांनीच घालायला सांगितलं: आकार ८ हून वेगळा झाला, तर बिल्डच थांबेल.