ढगांखालचे अरण्य

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी सालेकसा-दरेकसाचे डोंगराळ रान ओलांडून डोंगरगडास येते, आणि तेथून रायपूरपर्यंत भातखाचरांचे सपाट मैदान पसरलेले दिसते. वाचकहो, हा प्रवास आपण श्रावणात केला असेल, तर छत्तीसगडास धानाचे कोठार का म्हणतात हे आपणांस कोणी सांगावे लागले नसेल. मौज अशी की, ज्या राज्याची सुमारे ४४ टक्के भूमी वनभूमी म्हणून नोंदलेली आहे, त्याच्या राजधानीत अरण्याची चाहूलही लागत नाही. अरण्य आहे ते मैदानाच्या कडेला. दक्षिणेकडे उदंती-सीतानदी, त्याही पलीकडे बस्तर. आणि पूर्वेस बार व नवापारा या दोन वनग्रामांचे नाव धारण करणारे, १९७६ साली स्थापन झालेले बारनवापारा अभयारण्य.

हे अरण्य मोजावयाचे कसे? देहरादून येथे १९८१ साली स्थापन झालेली भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून उपग्रहचित्रांच्या आधारे वनांचा अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. एक हेक्टर वा अधिक जमिनीवर वृक्षांची छाया दहा टक्के वा त्याहून जास्त असली, की तिच्या हिशेबी ते वनाच्छादन होय. या पंक्तीला आमराई आणि सालवृक्षांचे घनदाट वन शेजारी शेजारी बसतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

साधे उपग्रहचित्र सूर्यप्रकाशावर अवलंबून असते. हिरवे पान निकट-अवरक्त किरण जोराने परत फेकते. त्यावरून वन ओळखता येते. परंतु जूनपासून सप्टेंबरपर्यंत, जेव्हा रान पानांनी गच्च भरलेले असते, नेमके तेव्हाच या प्रदेशावर ढगांचे आच्छादन असते. म्हणून चित्रे बहुधा ऑक्टोबर ते डिसेंबरमधील घ्यावी लागतात. फार उशीर करूनही चालत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी साज, तेंदू, मोह पाने गाळतात, आणि उभे रान चित्रात उजाड माळासारखे दिसू लागते.

येथे रडार उपयोगी पडते. ते सूर्याची वाट पाहत नाही. स्वतःच लहरी सोडते आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपते. ढग त्यास अडवीत नाहीत, रात्रही अडवीत नाही. पाणी भरलेल्या खाचराचा सपाट पृष्ठभाग लहरी आरशाप्रमाणे दूर परतवतो, म्हणून ते काळे उमटते. वृक्षांच्या फांद्यांत शिरलेल्या लहरी मात्र चहूकडे विखुरतात आणि वन उजळ दिसते. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची साडेपाच सेंटिमीटरची लहर मुख्यतः पाने व डहाळ्यांशीच अडखळते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेल्या, भारत व अमेरिका यांच्या 'निसार' उपग्रहाची चोवीस सेंटिमीटरची लहर थेट जाड फांद्या व खोडांपर्यंत पोचते. रडारला रंग मात्र कळत नाही. शिवाय डोंगरउतारावर ते फसते. एक अंग अवास्तव झळाळते, दुसरे छायेत बुडते.

म्हणून दोन्ही चित्रे एकावर एक बसवितात. एक पानांचा रंग सांगते, दुसरे झाडांची ठेवण. पावसाळाभर दर बारा दिवसांनी घेतलेल्या रडारचित्रांत खाचर आधी काळे, मग रोपे वाढतील तसतसे उजळ होत जाते. वन जवळजवळ आहे तसेच राहते. शेत आणि रान यांतील हा भेद एकट्या हिवाळी चित्रात सहजी सापडत नाही.

हा भेद केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नव्हे. मोहाची झाडे राखून पिढ्यान्‌पिढ्या कसलेले शेत वरून पाहता विरळ वन वाटू शकते, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये जमिनीवर दावा सांगणाऱ्या आदिवासी कुटुंबास १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवावी लागते. त्या दिवसाची रडारचित्रे प्रत्येक गावाची मिळतील असे नाही. आज घेतलेले चित्र कितीही सूक्ष्म असले तरी त्यास कालचे काम करता येत नाही. २०१२ साली सुधारलेल्या नियमांनी उपग्रहचित्रास पूरक पुराव्याचेच स्थान दिले आहे. इतर पुराव्यांच्या जागी ते चालत नाही. ग्रामसभेपुढे शेताचा जुना बांध, विहीर, पूर्वजांची दफनभूमी आणि गावातील वृद्धांनी सांगितलेली, लिहून घेतलेली हकीकत हीही पुरावा म्हणून ठेवता येतात.