आजीची घडण

प्रयोगशाळेत वाढविलेल्या हिऱ्यास खोटा म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. खोटा तो काचेचा. हा तर निखळ कार्बनच. सुरतेच्या कारखान्यांत मिथेन वायूतला कार्बन हिऱ्याच्याच पातळ चकतीवर थराथराने साचतो आणि काही आठवड्यांत खडा सिद्ध होतो. खाणीतले बहुतेक हिरे शंभर कोटी वर्षांहून जुने. तरी साध्या भिंगातून जवाहिऱ्यालाही हा भेद कळत नाही, त्यासाठी यंत्र लागते. घणाचे घाव सोसून ऐरणीवर वाचतो तो हिरा खरा, असे तुकोबांनी मानले. प्रत्यक्षात घणाखाली दोन्ही फुटतील. हिरा कठीण खरा, पण ठिसूळ.

मग भाचीने लग्नातल्या कुड्यांसाठी सुरतेचे हिरे पसंत केले, तेव्हा मला काय खुपले? आईच्या सात-सात खड्यांच्या कुड्या माझ्या शिक्षणापायी मोडल्या. पुढे कमावू लागल्यावर नव्या घेऊ म्हटले, तर ती नकोच म्हणे. तिला हिरे नको होते. सासूच्या कानांतले ते हिरे हवे होते. त्यांचे वय ती तिथून मोजी.

भाचीला घडण मात्र आजीचीच हवी आहे. सोनारासाठी ती मी आठवून कागदावर काढून दिली.