नोंद

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर इब्लूरच्या चौकापासून लागणारी वाहनांची रांग सकाळीच कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्यापर्यंत पोचलेली असे. त्या रांगेत घड्याळाकडे पाहत बसलेली नाशिकची छात्राध्यापिका गल्लीतल्या विशेष शाळेत शिरली, की एकाएकी दुसऱ्याच काळात आल्यासारखी होई. तेथे शर्टाचे एक बटण लावण्यास वीस मिनिटे लागत, आणि ती कोणाला जास्त वाटत नसत.

तिच्या वाट्याला नऊ वर्षांचा एक मुलगा आला होता. तो बोलत नसे; चित्रांच्या पत्त्यांवर बोट ठेवून हवे ते मागे. त्याच्या घरची भाषा कन्नड, आणि हिच्यापाशी त्या भाषेतले दोनच शब्द : ‘बेकु’ आणि ‘बेडा’, हवे आणि नको.

बटण लावणे ही एक क्रिया नसून अनेक क्रियांची साखळी आहे, हे तिने वाचले होते. ही साखळी शेवटाकडून शिकवायची. आधीच्या पायऱ्या शिक्षिकेने कराव्यात, काजातून डोकावणारे बटण तेवढे मुलाने ओढून घ्यावे; ते साधले की त्याच्या आधीची पायरी. काम पुरे केल्याचा आनंद त्यामुळे रोज मुलाला मिळतो. शिक्षिकेने शिकायचे ते हात आवरणे. मदतही उतरत्या क्रमाने : हात धरणे, स्पर्श, खूण, शब्द आणि अखेरीस काहीच नाही.

पाठनिरीक्षणाच्या आदल्या दिवशी बटण काजातून बाहेर आले. तिने नोंदवहीत लिहिले, ‘मदतीशिवाय’. वर्गातल्या वडीलधाऱ्या अक्कांनी ते वाचले आणि मोडक्या हिंदीत एवढेच विचारले, तुझे बोट कोठे होते?

बोट त्याच्या मनगटाखाली होते. अगदी हलके, पण होते.

नोंद खोडावी, तर सहा आठवड्यांचे श्रम उणे दिसणार आणि गुणही जाणार. ठेवावी, तर उद्यापासून तो आधार त्याला कोणी देणार नाही. जे जमत नाही ते तो हट्टाने करत नाही, असे ठरेल. तिला अभ्यासक्रमातला इतार आठवला. आव्हेरोंच्या रानात सापडलेल्या मुलाला या तरुण फ्रेंच वैद्याने सुमारे पाच वर्षे शिकवले. मुलगा बोलू लागला नाही, हे त्याने १८०६ च्या अहवालात लपवले नाही. त्याचा शिष्य सेगँ त्याच वाटेने पुढे गेला. आणि दोघांचे लेखन माँटेसोरीबाईंनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून अभ्यासले. अपयशाची खरी नोंद अशी शतकभर कामाला आली.

तिने शब्द खोडून लिहिले, ‘मनगटास स्पर्श’.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक मागे बसले होते. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मुलाने बटण धरले, सोडले, पुन्हा धरले. बराच वेळ गेला. मग त्याने पत्त्यांकडे न पाहता तिचे बोट उचलले आणि आपल्या मनगटाखाली नेऊन ठेवले.

बटण लागले. नोंदवहीत ‘मदत मागितली’ असा रकाना नव्हता. तिने तो समासात आखला.