लाकडी धनुष्याचा वेग कशात असतो

लाकडी धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. दोरी ओढताना धनुष्याच्या भुजांमध्ये, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांमध्ये, किती ऊर्जा साठते ही पहिली, आणि दोरी सोडल्यावर त्यातली किती बाणाच्या वाट्याला येते ही दुसरी. नवशिका कारागीर बहुधा पहिलीच्याच मागे लागतो आणि धनुष्य अधिक कडक करत जातो. वेग मात्र दुसरीत अधिक सहज सापडतो.

हिशेब असा. ४० पौंडी, म्हणजे सुमारे १८ किलो ओढीचे धनुष्य घेतले आणि दोरी जागेवरून साधारण ५३ सेंटिमीटर मागे आली, तर भुजांमध्ये सुमारे ४५ ज्यूल ऊर्जा साठते. ही सगळी ३० ग्रॅमच्या बाणाला मिळाली असती तर त्याने सेकंदाला जवळपास ५५ मीटरचा वेग घेतला असता. बऱ्यापैकी बनवलेल्या लाकडी धनुष्यातून तो ४३ मीटरच्या आसपास भरतो. उरलेल्या ऊर्जेतली काही लाकडाच्या अंतर्गत घर्षणात जिरते आणि बरीचशी भुजा व दोरी यांनाच हलवण्यात खर्च होते. क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉप्स्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात धनुष्याचा पद्धतशीर अभ्यास केला. भुजांवर होणारा हा खर्च मांडायला क्लॉप्स्टेगने ‘आभासी वस्तुमान’ ही कल्पना वापरली. जणू बाणाला तेवढे जादा वजन चिकटलेले आहे, असे धरून गणित करायचे. वरच्या उदाहरणात घर्षण वजा जाता ३७ ज्यूल उरले आणि आभासी वस्तुमान १० ग्रॅम धरले, तर ४३ मीटर हाच आकडा येतो. ते १० वरून ७ ग्रॅमवर आणले की वेग ४४.७ मीटर होतो. एवढीच वाढ ओढीतून मिळवायची तर तीन पौंडांहून अधिक ओढ वाढवावी लागेल, आणि वाढत्या लाकडाबरोबर भुजाही जड होतील.

लाकडाची निवड इथूनच सुरू होते. पुणे परिसरात धनुष्यासाठी सर्वांत नावाजण्याजोगे झाड धामण. सह्याद्रीच्या पानझडी जंगलात ते वाढते आणि त्याचे लाकूड लवचीक, चिवट व धक्का सोसणारे असल्याने कुऱ्हाडी-कुदळीच्या दांड्यांसाठी खेड्यापाड्यांत त्याला पूर्वापार मान आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सहज मिळतो तो साग. पण खिडक्या-दारांसाठी उत्तम असलेले हे लाकूड झटक्याने वाकणे सोसण्यात धामणीच्या पासंगालाही पुरत नाही. दुसरे उत्तम साहित्य बांबू. त्यातही मानवेल किंवा कोकणातला माणगा, कारण दोन्ही बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतात. खानदेशातल्या भिल्लांचा तिरकमठा बांबूचाच, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिवट पट्टीची. जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला २०१७ च्या दुरुस्तीने वनकायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळल्यापासून तो तोडणे-आणणे सोपे झाले आहे. धामणीचे तसे नाही, ती परवान्याच्या वखारीतूनच घ्यावी.

ओंडका करवतीने कापण्यापेक्षा पाचरीने फाडणे चांगले. करवत सरळ जाते, तंतू जात नाहीत. आणि तिरपा कापलेला तंतू जिथे पाठीवर उघडा पडतो, तिथूनच पुढे धनुष्य तुटते. धनुष्याच्या समोरच्या बाजूला पाठ आणि तिरंदाजाकडच्या बाजूला पोट म्हणतात. ओढताना पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते. बांबूत सर्वांत दाट तंतू बाहेरच्या सालीलगत असतात, म्हणून सालीची बाजू नेहमी पाठीला येते आणि तिला रंधा लावायचा नसतो. पेरांचे उंचवटे तेवढे हलके घासायचे. आतला मऊ भाग दाबाखाली लवकर चिरडतो. त्यामुळे पातळ बांबूची पाठ आणि धामणीचे पोट असा जोड अनेकदा निखळ बांबूपेक्षा वेगवान ठरतो. एपॉक्सीने चिकटवताना दोन्ही टोके थोडी पुढे वळवून उलटा बाक दिला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट आवळले, की तोच आकार कायम होतो. शिकंजे विकत घेण्याची गरज पडत नाही.

आकाराचे गणित समजले की रंधा कुठे चालवायचा हे कळते. भुजेचा कडकपणा रुंदीच्या सम प्रमाणात बदलतो, जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. रुंदी दहा टक्के कमी केली तर कडकपणा दहा टक्केच उतरतो. पण १५ मिलिमीटर जाडीतून एकच मिलिमीटर गेला तर सुमारे १९ टक्के. शिवाय एखादा भाग किती वाकू शकेल हे त्याची जाडी ठरवते, रुंदी नाही. म्हणून जाडी वाकण्यासाठी आणि रुंदी ओढीसाठी, असे धोरण ठेवावे. ७१ सेंटिमीटर ओढीसाठी १६५ ते १७० सेंटिमीटर लांबी, मुठीशेजारी साडेचार सेंटिमीटर रुंदी आणि तिथून टोकाकडे सरळ निमुळती होत जाणारी भुजा, हा धामणीसाठी चांगला नमुना. हलके लाकूड असेल तर रुंदी वाढवायची, जड असेल तर घटवायची. इंग्लंडच्या जुन्या गोलसर काटछेदाच्या धनुष्याला हिकमनने चपट्या भुजांचा पर्याय सुचवला तो याच तर्काने: पोटाचा दाब जास्त रुंदीवर वाटला जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे काम: भुजा समान वाकेपर्यंत तासत नेणे. भिंतीत पक्की खुंटी, तिच्यावर धनुष्याची मूठ, खाली कप्पी आणि दोरीला लावलेला ताणकाटा, एवढी व्यवस्था पुरते. तासायला वाकस, रंधा, कानस आणि शेवटी फुटक्या काचेचा तुकडा. पोटावरून पातळ साल काढायला काचेसारखे स्वस्त हत्यार नाही. दर वेळी लाकूड काढले की वीस-पंचवीसदा थोडे थोडे वाकवून भुजेला नव्या आकाराची सवय करून द्यायची आणि मगच वाक पाहायचा.

इथे वेग हरवतो तो बहुधा ‘बसण्याने’. दोरी काढल्यावरही धनुष्य तिरंदाजाकडे वाकलेलेच राहिले तर ते बसले असे म्हणतात. पोटाचे तंतू चिरडले गेले आहेत, याची ती खूण. बसलेल्या धनुष्याला सुरुवातीच्या ओढीत जोर नसतो. सगळा जोर शेवटच्या काही सेंटिमीटरांत एकवटतो. शेवटची ओढ ४० पौंडच भरते, पण मधल्या प्रवासात साठणारी ऊर्जा घटते. म्हणजे ताणकाट्यावर दोन धनुष्ये अगदी सारखी दिसतात आणि बाण मात्र वेगळा जातो. चिरडलेले तंतू अंतर्गत घर्षणही वाढवतात, त्यामुळे नुकसान दुहेरी होते.

बसणे नजरेला दिसण्याआधीच ओळखता येते. समजा ५० सेंटिमीटर ओढीला काटा दहा किलो दाखवतो. आता ५५ पर्यंत ओढा, सोडा, आणि पुन्हा ५० वर मोजा. काटा दहावरच आला तर लाकूड ठीक आहे. तो थोडाही खाली आला तर पोट कुठेतरी दाबाने हार मानते आहे, आणि ती जागा बहुधा बाकीच्या भुजेपेक्षा जास्त वाकत असते. उपाय असा की तिला हात न लावता आजूबाजूचा कडक भाग तासायचा. ही तपासणी कंटाळवाणी आहे, आणि म्हणूनच फार थोडे जण ती करतात. पण चांगल्या आणि सामान्य धनुष्यातला फरक पुष्कळदा एवढाच असतो. ठरलेल्या ओढीपेक्षा जास्त जोर कोणत्याही टप्प्यावर लावायचा नाही आणि पूर्ण ओढून धरून ठेवायचे नाही, हे दोन नियम तिच्याबरोबरच पाळायचे.

बसण्यामागे हवाही असते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता २५-३० टक्क्यांपर्यंत उतरते. तिथे लाकडातले पाणी सहा टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांवर राहते आणि तेच लाकूड १५ टक्क्यांपर्यंत पाणी घेते. धनुष्याला आठ ते दहा टक्के मानवते. त्याहून ओले लाकूड जड, मऊ आणि लगेच बसणारे. त्याहून सुके लाकूड वेगवान पण ठिसूळ. पावसाळ्यात तासलेले धनुष्य दिवाळीनंतर सुकून कडक होते, पण तोवर बसलेला बाक परत जात नाही. कामाचा खरा हंगाम म्हणूनच नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू सरसाने जोडलेली मोगलकालीन धनुष्ये लाकडीपेक्षा पुष्कळ वेगवान होती, पण दमट हवेत सरस सैल होई. भारतात पोलादी धनुष्यांची परंपरा टिकली तिचे एक कारण हेच. शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून ती बिघडत नसत. वेगात मात्र जड भुजांमुळे ती मागे पडत.

पोट भाजणे हा आर्द्रतेवरचा लाकडाला मानवणारा उपाय. निखाऱ्यांवर हातभर उंचीवर पोट सावकाश तपकिरी होईपर्यंत तापवले की लाकूड कडक होते, दाब अधिक सोसते आणि पुढे पाणीही कमी घेते. पाठ तापू द्यायची नाही. भाजलेले लाकूड ताणाखाली तुटते. तापलेले असतानाच साच्यावर बांधून दोन-तीन सेंटिमीटरचा उलटा बाकही देता येतो. त्यानंतर काही दिवस हवेतले पाणी परत घेऊ न देता धनुष्य ओढणे म्हणजे ते मोडणे.

शेवटी टोके. भुजेतल्या प्रत्येक कणाची ऊर्जा त्याच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून टोकापेक्षा निम्म्या वेगाने हलणारा ग्रॅम चौथा हिस्साच ऊर्जा खातो. मुठीजवळ जाडजूड लाकूड राहिले तरी फारसे बिघडत नाही. शेवटच्या वीस सेंटिमीटरांत राहिलेले नडते. टोके सेंटिमीटरभर रुंदीपर्यंत आणावीत, बाजूला खोल खाच पाडण्याऐवजी शिंगाचा किंवा कठीण लाकडाचा लहान तुकडा चिकटवून त्यात दोरी बसवावी. दोरीच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा बाणाला चिकटल्यासारखाच वागतो, तेव्हा जाड सुतळी नको. तागाची दोरी चालते. डॅक्रॉन अधिक टिकाऊ पण ताणली जाणारी. न ताणली जाणारी आधुनिक दोरी सर्वांत वेगवान, मात्र तिचे झटके कच्ची टोके सोसत नाहीत.

हलका बाण वेगाने जातोच: वरच्याच धनुष्यातून २० ग्रॅमचा बाण ५० मीटरच्या घरात पोहोचेल. पण बाण जितका हलका, तितकी उरलेली ऊर्जा भुजांना हादरवते. लाकडी धनुष्याला पौंडामागे पाऊण ग्रॅमच्या आसपास वजनाचा बाण मानवतो. बांबूच्या धनुष्यांची ‘इंडियन राउंड’ स्पर्धा ३० आणि ५० मीटरवर होते. तिथे प्रत्येक बाणाचा वेग सारखा असणे केवळ जास्त असण्यापेक्षा उपयोगी.

वेग मोजायला क्रोनोग्राफ नसला तरी चालते. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या मोबाइलवर ४३ मीटर वेगाचा बाण दर चित्रात १८ सेंटिमीटर पुढे सरकतो. मागे मोजपट्टी आखलेला फळा ठेवला की अंतर वाचता येते. दुसरा मार्ग आवाजाचा. २० मीटरवर लक्ष्य ठेवून दोरीचा आणि आदळण्याचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा आणि मधल्या वेळातून आवाज परत येण्याचे सुमारे ०.०६ सेकंद वजा करायचे. बाण तोच, ओढ तीच, निदान दहा बाणांची सरासरी, आणि वहीत त्या दिवशीची आर्द्रता. दोन धनुष्यांत किंवा दोन बदलांत सेकंदाला अर्ध्या मीटरचा फरक आला तर तो मोजणीचा दोष समजावा. दोन मीटरचा फरक आला तर तो लाकडाचा.