टाळी वाजवू द्या की!

नागपूर, २२ ऑगस्ट

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस एवढंच, की तुझ्या बाईंचं पियानोवादन नागपुरात ठेवावं का. पण लगेच पुढे, "मामा, मधे टाळ्या वाजवू नका असं लोकांना आधी सांगावं लागेल हं." हे मात्र मला लागलं. ज्या गावात वसंतराव देशपांडे लहानपणी शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले, त्या गावाला ऐकायचं कसं हे तू शिकवणार काय?

मागे मुंबईला टाटा थिएटरात माझं कोपर दाबलं होतंस, आठवतं? बेथोव्हनचा शेवटचा सोनाटा, ओपस १११. १८२२ चा, म्हणजे कान जवळजवळ गेल्यावरचा. दुसऱ्या भागात ती साधी संथ चाल बारीक बारीक होत जाते आणि एकाएकी अशी झुलायला लागते, की जॅझ शंभर वर्षं आधीच आलं म्हणावं. बाई तिथे खांदासुद्धा हलवत नव्हत्या, नुसती बोटं उसळत होती. माझ्या तोंडून 'क्या बात है' गेलं. गेलं तर गेलं! १९८० चं ते थिएटर बांधलंच मुळी आपल्या गाण्याबजावण्याचा विचार करून. भिंतींना काही नवल वाटलं नसेल. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना वाटलं, तो त्यांचा प्रश्न.

आणि ही मुक्याने बसायची शिस्त काही सनातन नाही. १७७८ मध्ये पॅरिसला मोझार्टच्या सिंफनीत पहिला भाग चालू असतानाच लोकांनी टाळ्या पिटल्या. ती जागा त्याने मुद्दाम घातली होती, वडिलांना तसं कळवलंही; आणि कार्यक्रम संपल्यावर खुशीत आइस्क्रीम खाल्लं. १८१३ ला व्हिएन्नात बेथोव्हनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. लिस्ट तर दोन रचनांच्या मधे श्रोत्यांशी गप्पा मारायचा. सगळ्यांना चिडीचूप बसवलं ते नंतरच्यांनी. दाद जागच्या जागीच द्यायची असते, मुक्ता. शेवटी उभं राहून वाजवलेली टाळी पावतीसारखी वाटते मला.

असो. लोकांची नाही, मला काळजी आहे ती पियानोची. इथला संयोजक पहिलं काय म्हणेल, तर "कीबोर्ड चालेल ना, ताई?" तेव्हा ग्रँड पियानोच हवा, हे आधी लिहून घे. अर्ध्या टनाचं ते धूड, २०० च्या वर तारा, सगळ्यांचा मिळून २० टनांच्या आसपास ताण, आणि तो सगळा लाकूड-लोखंडाच्या भरवशावर. मे महिन्याचं तर नावच काढू नकोस. ४५ अंशांत लाकूड सुकणार, त्यात कोणीतरी प्रेमाने शेजारी कूलर लावणार, की सूर गेलाच. आत्ताच्या दमटातही नको. जानेवारी बघ. पियानो आदल्या दिवशी स्टेजवर येऊन ठरू दे, मग ट्यूनरचा हात लागू दे. ट्यूनर इथे मिळेल या भरवशावर राहू नकोस. तबलजी हातोडी घेऊन मैफलीत ठोकाठोक करतो तसं इथे जमत नाही, हे तुला मी काय सांगावं.

बरं, मनगटाला पट्टा लावून शिकवण्या घेतेस, असं तुझी आई म्हणाली. कधीपासून? मला काहून नाही सांगितलंस? बाईंना तरी माहीत आहे का? आठवडाभर रियाज बंद ठेवलास तर काही बिघडत नाही. डॉक्टरला दाखव आणि काय म्हणाले ते आधी कळव. सभागृहाच्या तारखेचं नंतर पाहू.

तुझा,
मामा