मूळ प्रत कोणती?

'ट्रेलर' हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक, उसाने शिगोशीग भरून ट्रॅक्टरमागे डुलत कारखान्याकडे निघालेल्या गाडीचे. दुसरे, येऊ घातलेल्या चित्रपटाच्या झलकेचे. अमेरिकेत या शब्दाला तिसराही एक अर्थ आहे. मोटारीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. आत दोन बिछाने, एक शेगडी, बर्फाची पेटी आणि घडी घालता येणारे टेबल. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, परसात गवतात रुतून पडलेले असे ट्रेलर शोधून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद तेथे मोठ्या निष्ठेने जोपासला जातो. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आम्हा दोघांना या छंदाविषयी लिहावेसे का वाटावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर एवढेच, की ते काम पाहताना आणि थोडेफार करताना आपण पाठचिकित्सेच्या तासाला बसलो आहोत, असे आम्हाला सतत वाटत राहिले.

या वाहनाचा इतिहास मोटारीच्या इतिहासाइतकाच रंजक आहे. १९१९ साली फ्लोरिडातील टँपा येथे 'टिन कॅन टूरिस्ट्स' या नावाने भटक्या मोटारवाल्यांचा संघ स्थापन झाला. काळाच्या ओघात तो विस्कटला आणि १९९८ मध्ये जुन्या गाड्यांच्या प्रेमिकांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. १९३०च्या दशकात हॉली बोलस या ग्लायडर बनवणाऱ्या तंत्रज्ञाने विमानाच्या धर्तीवर, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडून 'रोड चीफ' नावाचा ट्रेलर घडवला. वॉली बायम यांच्या 'एअरस्ट्रीम'ने १९३६ पासून तीच चंदेरी परंपरा पुढे नेली. दुसऱ्या महायुद्धानंतर पगारी सुट्टी, स्वस्त पेट्रोल आणि नवे रस्ते यांनी मध्यमवर्गाला घराबाहेर काढले, तेव्हा लाकडी सांगाड्यावर पातळ पत्रा ठोकलेले स्वस्त, गोलसर ट्रेलर हजारोंनी विकले गेले. त्यांच्या आकारावरून लोकांनी त्यांना 'कॅन्ड हॅम', म्हणजे मांसाचा डबा, असे लाडके नाव दिले. साहित्याच्या वाचकाला येथे जॉन स्टाइनबेक आठवल्यावाचून राहणार नाही. १९६० साली ट्रकवर बसवलेल्या अशाच एका छोट्या घरातून त्यांनी देश पालथा घातला आणि १९६२ मध्ये 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' लिहिले. डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव दिलेले त्यांचे ते वाहन आज कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथील संग्रहालयात उभे आहे. ते उत्तम स्थितीत आहे. फक्त आता ते कोठेही जात नाही.

आमच्यापैकी एकीचा मावसभाऊ ऑरेगन राज्यात राहतो. संगणकाच्या नोकरीसाठी २००० साली तो तिकडे गेला आणि तेथलाच झाला. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही त्याच्याकडे महिनाभर राहिलो, तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये १९६१ सालचा 'शास्ता एअरफ्लाइट' अर्धवट सोलून ठेवला होता. मागच्या बाजूला पत्र्याचे दोन पंख असलेला, सोळा फुटांचा हा ट्रेलर या छंदातील मानाच्या गाड्यांपैकी एक. दादा आठवडाभर कार्यालयात आणि शनिवार-रविवार ट्रेलरमध्ये असे. साहजिकच आमच्याही हाती पॉलिश पेपर आला.

या गाड्यांचा शत्रू पाणी. पत्र्यांच्या सांध्यांत भरलेली पुटी काही वर्षांत वाळून तडकते, पावसाचे पाणी खिळ्यांच्या भोकांतून आत झिरपते आणि पत्रा बाहेरून धडधाकट दिसत असताना आतला पाइनचा सांगाडा कुजत जातो. ऑरेगनच्या पावसाबद्दल तर बोलायलाच नको. कोपऱ्यावरची पट्टी काढून पत्रा उचलला की रीप चहात बुडवलेल्या टोस्टसारखी हातात येते. पण ती कुजलेली रीप फेकून द्यायची नसते, हा आमचा पहिला धडा. तिचे तुकडे जमिनीवर जुळवून मांडायचे, त्यांवरून नवी रीप आखायची आणि मगच जुनीला निरोप द्यायचा. वाळवीने खाल्लेल्या पोथीचे पान जपून उलगडणाऱ्या संशोधकाचा हात आणि दादाचा हात यांत आम्हाला त्या क्षणी फरक दिसला नाही.

या छंदातही पंथभेद आहेत. काहींना गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी असते. शेगडी त्याच सालची, दिवे त्याच नमुन्याचे. काही जण बाहेरचा जुना पत्रा तेवढा ठेवून आत वातानुकूलन आणि पांढरेशुभ्र फर्निचर बसवतात. तिसरे म्हणतात, डाग, पोचे, उडालेला रंग हेच तिचे चरित्र. गळती थांबवा आणि बाकी हात लावू नका. एकोणिसाव्या शतकात युरोपात इमारतींवरून झालेल्या वादाचीच ही चाकांवरची आवृत्ती. रस्किनने १८४९ मध्ये 'सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर'मध्ये जीर्णोद्धाराला असत्य ठरवले होते, तर फ्रान्सच्या व्हिओले-ल-द्यूकच्या मते पुनःस्थापना म्हणजे वास्तूला अशा परिपूर्ण अवस्थेत आणणे, जी कदाचित पूर्वी कोणत्याही काळी अस्तित्वातच नसेल. हा वाद आपल्यालाही परका नाही. हेमाडपंती देवळाच्या काळ्या पाषाणाला ऑइलपेंट फासणारे ग्रामस्थ आणि अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर, तो नवा असताना चमकत होता त्याहूनही अधिक, आरशासारखा घासणारे हौशी हे एकाच भक्तिभावाचे उपासक आहेत.

कट्टर मूलवाद्यालाही काही तडजोडी कराव्या लागतात. ब्रेक आणि विजेच्या तारा आजच्या रस्त्याला साजेशाच हव्यात. जुन्या फरशीत अ‍ॅसबेस्टॉस असू शकते, तीही जपून काढावी लागते. जुन्या पोथ्यांत शब्द न तोडता सलग लिहिलेले असतात आणि संपादक आजच्या वाचकासाठी पदच्छेद करतो, विरामचिन्हे घालतो. त्याला कोणी प्रक्षेप म्हणत नाही. वापरासाठी केलेला बदल आणि संहितेत घुसवलेला बदल यांतील सीमारेषा सुतारालाही आखावी लागते, संपादकालाही.

मूळ म्हणजे काय, हा प्रश्न लाकडाच्या रंगानेच आमच्यापुढे अधिक नेमकेपणाने मांडला. आतल्या भिंती बर्चच्या प्लायवूडच्या. साठ वर्षांत त्यांना मधासारखा रंग चढलेला. शेजारी बसवलेला नवा तुकडा फिकट, उपरा दिसे. तो जुळावा म्हणून हौशी मंडळी शेलॅकचे थर चढवतात. शेलॅक म्हणजे दुसरे काही नसून आपली लाख. आपला सुतार लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश करतो, तेच हे. लाखेच्या उत्पादनात भारत आजही जगातील अग्रगण्य देशांपैकी एक आहे आणि त्यात झारखंडचा वाटा मोठा. अमेरिकन सुट्टीच्या सोनेरी आठवणींचा तो रंग आपल्याकडच्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवरील कीटकांच्या राळेतून येतो, हे कळल्यावर दादा बराच वेळ ब्रश हातात धरून हसत राहिला.

पण त्याच संध्याकाळी बोलणे गंभीर झाले. दादाचा ट्रेलर १९६१ चा. त्या वर्षी भारतातून अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी येऊ देण्याचा ठरलेला कोटा वर्षाला फक्त १०० माणसांचा होता. तो मोडला १९६५ च्या कायद्याने. कृष्णवर्णीय कुटुंबांनी प्रवासात कोठे उतरावे, कोठे जेवावे हे सांगणारे 'ग्रीन बुक' १९३६ पासून निघत होते आणि १९६१ मध्येही त्याची गरज संपलेली नव्हती. स्टाइनबेकच्या प्रवासवर्णनाचा शेवटही न्यू ऑर्लिन्समधील वंशद्वेषाच्या दर्शनाने काळवंडलेला आहे. मग जो काळ आपण इतक्या मायेने घासूनपुसून उभा करतो आहोत, त्या काळाने आपल्याला दारात उभे केले असते का? हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता, दादानेच विचारला. परक्या भूतकाळाची डागडुजी करता करता आपण त्याचे वारस झालो, असे मानण्याचा मोह त्यालाही जाणवत होता. २०१५ मध्ये शास्ता कंपनीने १९६१ च्याच एअरफ्लाइटची नवी आवृत्ती काढली. कंपनीच्या स्थापनेचे वर्ष १९४१, म्हणून नगही १९४१. त्या गाड्या कोऱ्या होत्या. त्यांत शिरताना कोणालाही असा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते.

दादाच्या गाडीत मात्र मागचे लोक होते. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस कोणी तरी पेन्सिलीने मुक्कामांची यादी केली होती: क्रेटर लेक, यलोस्टोन, ग्लेशियर, रेडवूड; पुढे साल, मैल आणि क्वचित 'पाऊस' किंवा 'टायर' असा एक शब्द. पहिली नोंद १९६३ ची, शेवटची १९७४ ची. शेवटच्या तीन नोंदींचे अक्षर वेगळे होते. पाण्याचा काळा डाग खालून यादीपर्यंत चढला होता आणि दाराचा खालचा भाग भुसभुशीत झाला होता. नवे दार करायचे असे दादाने ठरवले होते. ते यथामूल ठरले असते, कारण १९६१ मध्ये कारखान्यातून निघालेल्या दारावर यादी नव्हती. आम्ही अर्थातच हस्तलिखिताच्या बाजूने उभे राहिलो. "तुम्ही मराठीची माणसं," दादा म्हणाला, "तुम्हाला जे दिसेल ते पोथीच वाटतं. मला यातून हिंडायचं आहे. त्यांचे मुक्काम त्यांचे. मी ते का वागवू?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य होते, हे आम्हाला मान्य करावे लागले. जतन करणाऱ्याला वापरणाऱ्याची अडचण सहसा दिसत नाही. वर्गात आम्ही संहिता शिकवतो, तेव्हा विद्यार्थ्याला तिच्यात राहायचे आहे की तिला केवळ लांबून नमस्कार करायचा आहे, हे आम्ही किती वेळा विचारतो? मराठी विषय घेणाऱ्यांची संख्या आमच्या महाविद्यालयात वर्षागणिक घटत असताना आम्हीही काचेच्या कपाटाची राखण करत बसलेलो नाही ना, ही शंका आम्हाला त्या परक्या गॅरेजमध्ये चाटून गेली.

आठ दिवस दार भिंतीला टेकून उभे होते. मग एका रविवारी दादाने त्याचा कुजलेला खालचा भाग कापला आणि तेथे नवे प्लायवूड जोडले. यादी राहिली, डागाचा वरचा काठही राहिला. सांधा लपवण्यासाठी त्याने काही केले नाही. लाखेचे थर देऊनही नवा भाग उजळच दिसतो. आणखी एक गोष्ट त्याने केली. बाहेरचा पत्रा परत ठोकण्यापूर्वी डाव्या बाजूच्या नव्या रिपेवर त्याने पेन्सिलीने स्वतःचे नाव लिहिले आणि '२०२३', दोन्ही देवनागरीत. भिंत बंद करण्याआधी असे नाव-साल लिहून ठेवण्याचा या छंदात प्रघातच आहे. ते अक्षर आता पत्र्याआड गेले. पुन्हा कधी ही गाडी गळेल आणि कोणी ती उघडेल, तेव्हाच ते दिसेल.

त्या क्षणी आम्हाला एकनाथ आठवले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून तिचा पाठ शुद्ध केला. मध्ये तीन शतके लोटली होती. हातोहात नकलताना ओव्या बदलल्या होत्या, वाढल्याही होत्या. नाथांनी त्यात स्वतःची भर घातली नाही, इतरांनाही घालू नका म्हणून बजावले. पण आपले शुद्धीकरण लपवलेही नाही. शेवटच्या ओव्यांत त्यांनी शक सांगितला, आपले नाव सांगितले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी वेचला. तिचे प्रमुख संपादक वि. स. सुखठणकर यांनीही व्यासांची मूळ प्रत हाती लागल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे मागे जाता येईल तेवढे जाऊन तेथे ते प्रामाणिकपणे थांबले आणि गाळलेले पाठभेद त्यांनी तळटीपांत सर्वांना दिसतील असे ठेवले.

"सर, मग खरी ज्ञानेश्वरी कोणती?" असे दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो. पूर्वी आम्ही हस्तलिखितांच्या परंपरा सांगू लागत असू आणि तो मान डोलावून घड्याळाकडे पाही. आता आम्ही त्याला आधी दादाच्या कपाटाच्या दाराविषयी सांगतो. मूळ प्रत आपल्या हाती क्वचितच असते. हाती असतात त्या दुरुस्त्या. ती कोणी केली, केव्हा केली आणि सांधा कोठे आहे हे दिसू देणारी दुरुस्ती विश्वासास पात्र ठरते. जी स्वतःलाच मूळ म्हणवून घेते, तिच्यापासून सावध राहावे, मग ती गाडीची असो, ग्रंथाची असो वा एखाद्या देशाच्या भूतकाळाची.