चौथी खुंटी

मी कला शाखेचा पदवीधर, पोटापाण्यासाठी सरकारी कारकून. संगणकाशी माझा संबंध टिपणे टाइप करणे आणि जावक क्रमांक घालणे एवढाच. त्यामुळे हा विषय मी लिहावा याचे ओळखीच्यांना आश्चर्य वाटेल. मलाही वाटते आहे.

२०२३ सालची गोष्ट. मुलगा बारावी झाला, इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला आणि त्याने कॉम्प्युटरचा हट्ट धरला. तोही तयार नको. सुटे भाग आणून घरी जोडायचा. वाड्यावरच्या मुलांची शिकवणी घेऊन त्याने २३ हजार रुपये साठवले होते. उरलेले मी घातले. एकूण आकडा बायकोला अजून पुरता सांगितलेला नाही.

दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो आणि दुसऱ्या दिवशी माटोळीखालच्या त्याच जागेवर आम्ही चादर अंथरून भाग मांडले. इंटेलचा आय फाइव्ह १२४०० प्रोसेसर, एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीच्या दोन रॅम. प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसवायचा असतो. त्याला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खुंट्या, त्या बोर्डाच्या भोकांत दाबून 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसवायच्या. बोर्ड चांगलाच वाकतो. मुलाचा हात धजेना. "बाबा, तुमी दामात," म्हणाला. दोन त्याने दाबल्या, समोरासमोरच्या दोन मी.

रात्री मशीन सुरू झाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने जीटीए फाइव्ह हा गेम लावला. पाच मिनिटे अगदी लोण्यासारखा. मग भरलेला ट्रक चोर्ल्याचा घाट चढतो तसा तो अडखळू लागला. सेकंदाला नव्वद चित्रे दिसायची तिथे वीस-बावीस.

म्हापशाच्या दुकानदाराला फोनवर मी नको ते बोललो. त्याने शांतपणे विंडोज नव्याने घालायला सांगितले. त्यात एक आयतवार गेला, फरक शून्य. तेव्हा जेवताना मी मुलाला म्हणालो, "जमत नव्हते तर तयार घ्यायचा होता. पैसे समुद्रात गेले." तो शितावरून उठला. पुढचे चार दिवस कॉलेजातून येऊन सरळ खोलीत, दार बंद. मशीनवर टॉवेल.

पाचव्या दिवशी मीच वही घेऊन त्याच्याकडे गेलो. मला यंत्रातले कळत नाही, पण फाईल कुठे अडली ते शोधण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. म्हटले, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गेमचा तोच रस्ता तेवढाच वेळ चालवायचा आणि आकडा लिहायचा. तो आधी नाखुशीनेच बसला.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे ना, हे आधी पाहिले. अनेकजण ती चुकून मदरबोर्डाला लावतात. आमची बरोबर होती. रॅम मात्र शेजारशेजारच्या खाचांत होत्या. पुस्तिकेप्रमाणे दुसरी आणि चौथी खाच हवी, तेव्हाच दोन खिडक्या उघडल्यासारखे काम दोन्हीकडून चालते. शिवाय ३२०० ची रॅम २६६६ वर धावत होती. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचे सेटिंग चालू करावे लागते, ते केले. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, विंडोजमध्ये तो ६० वर राहिला होता. तिन्ही दुरुस्त्यांनी सुरुवात आणखी सुरेख झाली. पाच मिनिटांनी पुन्हा घाट.

वहीत ते 'पाच मिनिटे' प्रत्येक ओळीत होते. जोडणीत किंवा सेटिंगमध्ये चूक असती तर पहिल्या मिनिटापासून दिसली असती. टास्क मॅनेजर उघडून आम्ही दोघे आलेख बघत बसलो. ग्राफिक्स कार्ड सुरुवातीला ९५ टक्के कामात, नंतर एकदम ३५. सर्वांत महागडा माणूस हातावर हात ठेवून बसलेला! हे चित्र माझ्या ओळखीचे. शेवटच्या टेबलावरचा रिकामा दिसतो तेव्हा फाईल आधीच्या टेबलावर असते. मुलगा म्हणाला, प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसर आधी हुकूम देतो, मग कार्ड काढते. प्रोसेसरचा वेग पाहिला तर ४ गिगाहर्ट्झवरून दीडच्या खाली. तापमान दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम घातला. १०० अंश! एवढा तापला की प्रोसेसर जीव वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो.

रात्री साडेअकराला खोका उघडला. मुलाने टॉर्च धरून पंख्याच्या कोपऱ्यांना एकेक बोट लावले. "बाबा, हो हांगाचो हालता."

खुंटी अर्धीच गेली होती. पंख्याचा तो कोपरा उचललेला, म्हणून खालचा धातू प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता. कोपरा माझ्या बाजूचा. त्याने खुंटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही बोलला नाही. त्याच्या जागी मी असतो तर खुलासा मागणारा तीन पानी मेमो काढला असता. "माझीच ती," मी म्हणालो. "त्या दिवशी जेवताना बोललो ते मागे घेतो." "बरें," एवढेच म्हणाला, पण टॉवेल घडी करून कपाटात ठेवला.

पंखा एकदा काढला की आधीची पेस्ट पुसून नवी लावावी लागते. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हापशाचा बाजार. फार्मसीतून स्पिरिट घेतले आणि थर्मल पेस्टची नळी आणायला त्याच दुकानात गेलो. काय झाले ते सांगितले. दुकानदाराने हसून नळी पुढे केली आणि पैसे मात्र पुरते घेतले.

संध्याकाळी तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावली, चार वेळा 'टक्' ऐकले. अर्धा तास गेम चालवला तरी तापमान बहात्तरच्या वर नाही, चित्रे नव्वदच्या खाली नाहीत. मुलाने उठून मला खुर्चीत बसवले. मी पहिल्याच वळणावर गाडी खांबावर घातली. यात मात्र मशीनचा काही दोष नव्हता.